सुमंगलाबाईंची प्रोत्साहन भेट

शिक्षकांना उभारी देणं हे सुमंगलाबाईंचं काम आहे. हुद्द्याचं नाव वेगळं आहे, तीन इंग्रजी अक्षरांचं, आणि कन्नडात लिहिलं तरी ते इंग्रजीच राहतं. रामनगरच्या आसपासच्या एकोणीस शाळा त्यांच्याकडे आहेत. शाळेत जायचं, मागे बसून शिक्षक कसा शिकवतो ते पाहायचं, मग त्याला बाजूला घेऊन चार बरे शब्द बोलायचे आणि कागद भरायचा. यंदापासून त्या कागदाला 'प्रोत्साहन भेट' असं नाव मिळालं आहे. त्यात चव्वेचाळीस प्रश्न आहेत. सोबत एक फोटो लागतो. फोटोत दोघेही हसत असावेत, अशी सूचना आहे.

बाईंचं वय बावन्न. डावा गुडघा त्याहून थोडा मोठा वाटतो. त्यांचा जन्म जुन्या सुप्याचा. तिसरीपर्यंत ज्या शाळेत त्या शिकल्या ती आता धरणाच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं आमंत्रण कधी येत नाही. गाव उठल्यावर वडिलांना रामनगरात जागा मिळाली आणि बाई तिथेच वाढल्या, तिथेच नांदल्या. नवरा नारायण गोव्याच्या रस्त्यावर टायरचं दुकान चालवतो.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाईंना पळून जावंसं वाटलं होतं. बदलीचे दोन अर्ज केले, उत्तर आलं नाही. तिसरा लिहायला घेतला तेव्हा वार्षिक परीक्षा आली, मग लग्न आलं, मग प्रियांका झाली, आणि तोवर त्या जुन्या शिक्षिका होऊन बसल्या. त्यांना प्रोत्साहन कुणी दिलं नाही. नारायण म्हणतो, "दिलं असतं तर गेली असतीस."

सप्टेंबरातल्या एका रविवारी त्यांना प्रशांतचा फोन आला.

"बाई, मी दसऱ्यानंतर फणसगाळीला जायचा न्हाई."

प्रशांत हा फणसगाळीच्या मराठी शाळेचा अतिथी शिक्षक. त्या शाळेत दुसरा शिक्षक नाही. म्हणजे पाहुणा तोच आणि यजमानही तोच. वय सव्वीस, रामनगरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, आजोबा खानापूरकडून आलेले. काकाचं ट्रकचं ऑफिस आहे आणि तिथे याद्या करायला माणूस हवा होता.

"काय झालं रे?" बाईंनी विचारलं.

"काय व्हायचंय? पोरं माझी थट्टा करतात. अकराजण मिळून, ठरवून. तुम्ही येऊन बघा पाहिजे तर. पण मी ठरवलंय."

बाईंनी फोन ठेवला. दसऱ्यानंतर वर्षाच्या मध्यात फणसगाळीला दुसरा शिक्षक मिळणार नव्हता. मग वरून विचारणा होईल, आणि बाईंना एक कागद लिहावा लागेल, की सदर शाळेतील विद्यार्थी तात्पुरते जवळच्या शाळेस जोडावेत. खात्यात 'तात्पुरते' हा शब्द फार टिकाऊ आहे. फणसगाळीला जवळची म्हणजे साडेसहा किलोमीटरवरची शाळा, मधे रान आणि ओढ्यावर एक साकव. अशा वेळी काय होतं ते बाईंना पाठ होतं. पहिल्या महिन्यात मुली थांबतात, दुसऱ्यात लहान पोरं थांबतात आणि तिसऱ्या महिन्यात कागदावर सगळी हजर असतात. असे तीन कागद त्यांनी चार वर्षांत लिहिले होते, कारण त्यांचं अक्षर चांगलं आहे. चौथा लिहायचा नव्हता. यापलीकडे त्यांच्या मनात काही थोर विचार नव्हता.

मंगळवारी सकाळच्या बसने त्या फाट्यावर उतरल्या, पायाला मिठाचं पाणी लावलं आणि जळवा झाडत चार किलोमीटर चालून शाळेत पोचल्या.

शाळा म्हणजे एक खोली, शेजारी स्वयंपाकाची खोली, आणि मागे प्रशांतची राहायची खोली. सोमवार ते शनिवार तो तिथेच असतो. पोरं अकरा, पहिली ते पाचवी. बाई मागच्या भिंतीला टेकून बसल्या. प्रशांतने इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि त्या रानात इस्त्री कशाने केली असेल हे बाईंना कळेना.

वाईट शिक्षक नव्हता तो. उलट प्रशिक्षणात सांगितलेलं त्याने सगळं केलं होतं, हीच अडचण होती. जुलैत जोयड्याला तीन दिवसांचं शिबिर झालं होतं, मुलांशी नातं कसं जोडावं यावर. त्यात सांगितलं होतं, की सकाळी दारात उभं राहून प्रत्येक मुलाला नमस्कार करा. प्रशांतने केला. दारात उभा राहून नमस्कार करणारा माणूस निघालेला असतो असं मुलांना ठाऊक, म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी त्याला "या मग" म्हटलं आणि एकीने पाण्याचा तांब्या आणून दिला. शिबिरात भावनांचा तक्ताही दिला होता. त्यावर हसरे, रडके, रागावलेले असे पाच चेहरे आणि प्रत्येक मुलाने आपल्या मनासारख्या चेहऱ्यावर चिंचोका ठेवायचा. मुलं आधी कोपऱ्यात जाऊन आपसांत बोलायची आणि मग अकराही चिंचोके एकाच चेहऱ्यावर ठेवायची. एक दिवस ठरवून रागावलेल्यावर ठेवले. कारण विचारलं तर म्हणाली, "त्याच्यावर कोण ठेवत न्हाई, म्हणून."

वर्गात प्रशांतने प्रश्न विचारला. अकरा जणांनी एकमेकांकडे पाहिलं, मग नागेश नावाचा चौथीतला मुलगा उठून बोलला. पुढच्या प्रश्नालाही नागेशच. बाकी दहा जण नागेशकडे असे बघत होते, की त्याला बोलायला त्यांनीच धाडलं आहे.

मधल्या सुट्टीत प्रशांतने आपली वही काढली. कुणी घरचा अभ्यास केला, कुणी नाही, याची रोजची नोंद.

"हे बघा. रोज एकजणच अभ्यास करून येतंय. काल केशर, आज नागेश. बाकीच्या दहा वह्या कोऱ्या. आणि ज्यानं केलेला असतोय ना, त्याच्या एका पानावर सहा-सात प्रकारची अक्षरं."

"नक्कल?"

"कुणाची नक्कल करतील बाई? दुसऱ्या कुणी केलेलाच नसतोय."

हा मुद्दा बिनतोड होता.

"आणि हे बघा. बारा दिवसांतनं एकदा तर समद्याच कोऱ्या. त्या दिवशी संपच. मी उभं करतो. उभी ऱ्हातात. रडत न्हाईत, कुरकुर न्हाई. ज्यानं केला त्याला मी शाबासकी देतो, तर ते बाकीच्यांकडं बघून हसतंय. मी दुकानात बसलो असतो तर गिऱ्हाईक निदान भांडलं तरी असतं."

बाईंनी वही चाळली. अकरा नावं ओळीने, मग एक कोरा दिवस. पुन्हा तीच अकरा नावं, त्याच ओळीने, पुन्हा कोरा दिवस. जूनपासून असं पाच वेळा. काहीतरी ओळखीचं वाटलं, पण गुडघा ठणकत होता आणि भूक लागली होती. त्या स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या.

तिथे शकुंतला भात वाढत होती. गावातलीच बाई, शाळेचा स्वयंपाक सात वर्षं तिच्याकडे, आणि पहिलीतला लखू तिचा नातू. तिने बाईंना पाट दिला.

"बसा अक्का. पाय लांब करा, हितं कोण साहेब न्हाई."

पोरं ताटं घेऊन भोवती बसली. बाईंनी केशरला सहज विचारलं, "तुझा आजचा अभ्यास कुठं हाय गं?"

"माझा काल झाला की, अक्कोरू." इकडची पोरं शिक्षिकेला अक्कोरूच म्हणतात.

"आणि आजचा?"

"आज नागेशचा व्हता."

"मग तुझा परत कधी?"

"समद्यांचा झाला की." केशरने असल्या प्रश्नाला देतात तेवढाच वेळ दिला आणि आमटी भातात कालवली.

परशू तिच्याहून थोरला, त्याला बाईंची कीव आली असावी. "एकट्यानं कुठं व्हतंय, अक्कोरू? मास्तर धा-धा गणितं घालतात. आमी समदी मिळून एकाचं करतो. आज मयूरीकडं जायचं, तिचं करायचं. उद्या रक्षिताकडं."

"सावड हाय ती, अक्का," शकुंतला पळी खाली न ठेवता म्हणाली. "लावणीला आमी आज ह्याच्या शेतात, उद्या त्याच्या शेतात जातो तशी. त्यांनी जलमल्यापास्नं तेच बघितलंय."

बाई जेवायच्या थांबल्या. "आणि हे मास्तरांना कुणी सांगितलं न्हाई?"

"त्यांनी कुठं इच्यारलं?" परशू म्हणाला. "म्हणाले, अभ्यास न केलेल्यांनी उभं ऱ्हावा. आमी ऱ्हायलो."

"पाय दुखले न्हाईत?"

"लावणीत वाकायचं असतंय. हितं नुसतं उभंच ऱ्हायचं."

"बरं, आणि ज्या दिवशी कुणाचाच अभ्यास नसतोय, तो दिवस?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मयूरीने हळूच सांगितलं, "त्यो मास्तरांचा."

"मास्तरांना कसला अभ्यास?"

"अभ्यास न्हाई, पण काम असतंयच की. पयल्यांदा जळाण घातलं. मग कौलं सारली, त्यांच्या खाटेवर गळत व्हतं. परशूचा बा चढला, आमी कौलं दिली. मग न्हाणीची वाट साफ केली."

"मास्तर रानाकडं फिराय जातात तवा करतो," परशू म्हणाला. "हितं ऱ्हातात म्हंजे त्यांचाबी नंबर आलाच."

प्रशांतच्या खोलीमागे वाळक्या लाकडांची रचलेली चळत बाईंनी येताना पाहिली होती. ती कुणी रचली हे विचारायची गरज उरली नाही. प्रशांतने मात्र हे सगळं ग्रामपंचायतीने केलं असं धरलं होतं. न सांगता काम करणाऱ्या पंचायतीचा त्याला संशय यायला हवा होता, पण तो नवीन होता. मुलांकडून काम करवून घेऊ नये असा खात्याचा नियम आहे. न करवता झालेल्या कामाबद्दल नियम गप्प आहे. बाईंनीही गप्प राहायचं ठरवलं.

जेवण झाल्यावर त्या पायरीवर बसून राहिल्या. आत जाऊन प्रशांतला सांगायला दोन मिनिटं पुरली असती, पण त्यांचे पाय निघेनात, आणि त्याला कारण गुडघा नव्हता.

सावडीचं काय असतं ते त्यांना माहीत होतं. सुपं उठलं त्या वर्षी म्हादू नावाचा शेजारी त्यांच्या वडिलांच्या शेतात दोन दिवस येऊन गेला होता. वडिलांचं त्याच्याकडे जायचं राहिलं आणि पाणी आलं. म्हादू कुठे गेला कळलं नाही, त्याचं शेत तर धरणातच गेलं. तरी वडील पुढे तीस वर्षं, जेवताना मधेच, "म्हादूकडचं दोन दिस ऱ्हायलं," म्हणायचे. शेवटच्या आजारपणातही म्हणाले. सावड फेडली नाही तर कुणी भांडत नाही, कुणी मागत नाही. फक्त माणसाला स्वतःलाच घास गोड लागत नाही.

म्हणजे प्रशांतला हे सांगणं त्याला दावं लावण्यासारखं होतं. तो किराणा दुकानदाराचा मुलगा असला तरी आजोबा शेतातलेच, त्याला कळणार होतं. न सांगितलं तर तो राग घेऊन सुखाने जाईल, काकाच्या ऑफिसात पंख्याखाली बसेल, वर्षभरात विसरेल. सव्वीस वर्षांच्या पोराला रानात अडकवून ठेवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला, हा प्रश्न बाईंना पडला. मग केशर आठवली, साडेसहा किलोमीटर आठवले, आणि त्या उठल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. प्रशांत उभ्यानेच ऐकत होता. मधे एकदा खुर्चीवर बसला.

"बाई, मी थांबावं म्हणून सांगताय हे."

"व्हय."

"आणि खरं हाय?"

"खरंबी हाय. खोटं असतं तर मी जरा बरं रचलं असतं."

तो बाहेर गेला. मागच्या बाजूला जाऊन लाकडांकडे बघून आला, वर कौलांकडे बघून आला. परत आला तेव्हा शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या होत्या, पण करायला काही नव्हतं.

"तीन महिने मी त्यांना उभं केलंय," तो म्हणाला. "आणि माझ्याच कामाच्या दिवशी अकराजणांना."

"त्यांना त्याचं काय वाटलं न्हाई."

"मला वाटतंय की." त्याने नोंदीची वही उघडली. "आता काय करू? अकरा वह्या मागू, का एकच घेऊ? एकानंच केला तर बाकीच्यांना येतंय का न्हाई हे मला कसं कळायचं?"

"मला न्हाई ठाऊक."

"तुमचं कामच हाय ते सांगायचं."

"माझ्याकडं चव्वेचाळीस प्रश्न हायत बाबा. उत्तरं तू द्यायची असतात." बाईंनी पिशवी उचलली. "साडेचारला ती मयूरीच्या घरी बसतात. माझी बस सव्वासहाची हाय. चल, बघून येऊ."

मयूरीचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. पडवीत घोंगडं अंथरलेलं, मधे मयूरीची वही, भोवती अकरा डोकी. मास्तर आलेले पाहून सगळे उठले, आणि सवयीने उभेच राहिले. प्रशांतचा चेहरा त्या वेळी तक्त्यातल्या पाचांपैकी कशातच बसला नसता.

"बसा," तो म्हणाला. "मीबी आलोय. सावडीला."

कुणी हसलं नाही. पाचवीतली रक्षिता तिथली मुकादम होती, तिने जागा करून दिली आणि विचार केला.

"मी गणितं समजावून सांगू काय?" प्रशांतने विचारलं.

"नगो मास्तर. तुमी सांगितलं तर आमचं काय ऱ्हायलं? तुमी समास वढा. परशूचा वाकडा येतोय."

"पट्टी न्हाई म्हणून," परशू म्हणाला.

"पट्टी असली तरी येतोय."

प्रशांतने समास ओढला. मग कान देऊन बसला. वर्गात तीन महिन्यांत जेवढं ऐकलं नव्हतं तेवढं त्याला पाऊण तासात ऐकायला मिळालं. नागेश केशरला वजाबाकी सांगत होता आणि केशर त्याला मूर्ख म्हणत होती. लखूला हातचा कळेना, तेव्हा रक्षिताने सांगितलं, "शेजारच्या घरातनं धा आणायचे. त्यांचं एक कमी व्हतंय, आपलं भागतंय." लखू म्हणाला, "मग परत कधी द्यायचं?" त्यावर अकराही जणांत वाद झाला. गणितात परत देत नाहीत, यावर लखूचा विश्वास बसला नाही. प्रशांतने दोनदा तोंड उघडून मिटलं. एक उत्तर चुकलं होतं, ते त्याला दिसत होतं. ते त्यांनीच दहा मिनिटांनी शोधलं, आणि चूक नागेशची निघाली म्हणून केशरचा फार मोठा विजय झाला.

"मास्तर, फुडच्या पानावरबी वढा," रक्षिता म्हणाली.

साडेपाचला बाई उठल्या. फाट्यापर्यंत चालायचं होतं, पण शकुंतलेने परशूच्या बापाला मोटारसायकल काढायला सांगितली. प्रशांत वळणापर्यंत सोबत आला. तिथे एका खडकावर फोनला आवाज मिळतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तो त्यावर चढला आणि काकाला फोन लावला. बाई मोटारसायकलची वाट बघत खाली उभ्या होत्या, त्यामुळे ऐकू आलंच.

"काका, प्रशांत बोलतोय. दसऱ्याला जमायचं न्हाई मला... न्हाई, परमनंट कुठलं, तसलं काय न्हाई... दिवाळीपर्यंत तरी न्हाई... अहो, लोकांचं काम अंगावर ऱ्हायलंय माझ्या... कसलं म्हंजे? आता कसं सांगू... व्हय, शेतीचंच धरा."

तो खाली उतरला.

"दिवाळीपर्यंत, बाई. फुडचं मी काय बोलत न्हाई."

"मी इच्यारलं काय?"

"तुमी रागावला न्हाईसा न्हवं? म्हंजे मी जायचं म्हटलं त्याला."

"मी बदलीचे दोन अर्ज केले व्हते," बाई म्हणाल्या. "तिसरा अर्धा लिहून झालावता."

मोटारसायकल यायला सव्वासहा झाले. फाट्यावर बस वेळेवर आली नाही, त्यामुळे ती चुकली नाही. खिडकीजवळ बसून बाईंनी पाय लांब केला. चौथा कागद दिवाळीपर्यंत तरी लिहायचा नव्हता. दिवाळीनंतर पुन्हा यावं लागेल आणि तेव्हा सांगायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल, कारण हे एकदाच सांगता येण्यासारखं होतं. प्रशांत कदाचित थांबेल, कदाचित जाईल. जन्मभर इथेच राहणार म्हणणारे शिक्षक बाईंनी पाहिले होते. ते सहसा शिमग्याच्या आत जातात.

गुरुवारी नंदिगड्डेच्या बाजूला एका शाळेत जायचं होतं. तिथल्या शिक्षिकेने तीन आठवडे फोन केला नव्हता. म्हणजे तिथे सगळं ठीक असावं, किंवा फोन करण्याइतकीही तिला आशा उरली नसावी. दोन्हींतलं काय ते जाऊन बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. बाईंनी पिशवीतली मिठाची पुरचुंडी चाचपली. परवाच्यापुरतं मीठ होतं.